मागून घेतलेली मुदत : सॅनिबेल बेटावरील बांधकामबंदी, १९७४–१९७६

नगरनियोजनाच्या इतिहासात तात्पुरती बांधकामबंदी ही एक चमत्कारिक चीज आहे, कारण तिच्या मजकुरापेक्षा तिच्याभोवती उठलेला वादच नेहमी मोठा असतो. एखाद्या स्थानिक संस्थेने ठराविक काळासाठी नव्या बांधकामांचे परवाने देणे थांबवावे आणि त्या काळात जमिनीच्या वापराचे नियम नव्याने ठरवावेत, एवढाच तिचा अर्थ असतो. बंदीने कोणाची जमीन जात नाही, कोणाचे उभे घर पडत नाही आणि कायमचा नकारही कोणाला मिळत नाही. तरीही ज्याची वीट रचायची राहिली आहे त्याला ती जप्तीसारखी वाटते, आणि ज्याचे घर आधीच उभे आहे त्याला ती आपल्या गावाला उशिरा का होईना लाभलेल्या शहाणपणासारखी वाटते. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील सॅनिबेल या लहानशा बेटावर १९७४ ते १९७६ या काळात जे घडले, त्यात या दोन्ही भावना टोकाला गेल्या होत्या. परंतु सॅनिबेलचे वेगळेपण त्या भावनांत नाही, तर बंदीच्या काळात तिथल्या लोकांनी काय केले, यात आहे.

सॅनिबेल हे मेक्सिकोच्या आखातातील, कलूसाहॅची नदीच्या मुखाशी असलेले, सुमारे १९ किलोमीटर लांबीचे बेट आहे. भूगोलाच्या भाषेत अशा बेटाला रोधक बेट म्हणतात : लाटा आणि प्रवाह यांनी आणून टाकलेल्या वाळूचा तो एक लांबट पट्टा असतो आणि वादळाचा पहिला मार स्वतः झेलून तो मागच्या मुख्य भूमीला आडोसा देतो. अशी बेटे बहुधा किनाऱ्याला समांतर पसरतात, सॅनिबेल मात्र वळून जवळजवळ पूर्व-पश्चिम आडवे पडलेले आहे, आणि या आडवेपणामुळे आखातातून वाहत येणारे शंख-शिंपले त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर ढिगांनी अडकतात. बेटाची उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम काही फूट आहे. दक्षिणेला पुळण आणि तिच्यामागे वाळूची जुनी वरवंडी, मध्यभागी पावसाचे गोडे पाणी साठवणारा लांबट पाणथळ सखल भाग, आणि उत्तरेला खाडीकडच्या बाजूने तिवरांचे दाट रान, अशी त्याची साधारण रचना आहे. वाळूखालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत असतो आणि बेटावरची बहुतेक झाडे-झुडपे त्याच्यावर जगतात. पुढे जी भांडणे झाली ती वरवर पाहता घरांच्या संख्येविषयी होती, पण त्यांच्या मुळाशी वरवंडी, पाणथळ आणि हा गोड्या पाण्याचा थर यांचे परस्परांशी असलेले नाते होते.

बेटावर १८८४ साली दीपगृह उभे राहिले आणि त्यानंतरच्या काही दशकांत लिंबूवर्गीय फळे आणि टोमॅटो यांची शेती चांगली चालली, ती १९२१ आणि १९२६ च्या चक्रीवादळांनी शेतांत खारे पाणी घुसवेपर्यंत. मुख्य भूमीशी संबंध होता तो फेरीबोटीचा. बोट जितकी माणसे आणि मोटारी नेईल तितकीच माणसे बेटावर येत, आणि त्यामुळे वस्तीची मर्यादा ठरवण्यासाठी कोणाला कायदा करावा लागत नव्हता. दुसरी मर्यादा डासांची होती. १९५० च्या सप्टेंबरात बेटावरील एका सापळ्यात एकाच रात्रीत साडेतीन लाखांहून अधिक डास सापडल्याची नोंद आहे, आणि अशा ठिकाणी हिवाळ्यापलीकडे राहण्याची हौस फारच थोड्यांना असणे स्वाभाविक होते. त्या हिवाळी पाहुण्यांपैकी एक होता जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग, दोनदा पुलित्झर पारितोषिक मिळवलेला राजकीय व्यंगचित्रकार आणि १९३४-३५ मध्ये संघराज्य सरकारच्या वन्यजीवविषयक खात्याचा प्रमुख. शेजारच्या कॅप्टिव्हा बेटावर तो हिवाळ्यात येऊन राहत असे. त्याने लावून धरल्यामुळे १९४५ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सॅनिबेलवर राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान घोषित केले, आणि १९६७ मध्ये त्याला डार्लिंगचेच नाव देण्यात आले. बेटाचा मोठा भाग बांधकामाच्या कक्षेबाहेर गेला तो या घोषणेमुळे. उरलेल्या भागाचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

तो प्रश्न ऐरणीवर आला २६ मे १९६३ रोजी, जेव्हा मुख्य भूमी आणि सॅनिबेल यांना जोडणारा सुमारे पाच किलोमीटरचा कॉजवे वाहतुकीला खुला झाला. कॉजवे हा शब्द मुंबईकराला परका नाही. माहीम आणि कुलाबा येथल्या कॉजवेंनी एकोणिसाव्या शतकात सुट्या बेटांचे एक शहर कसे घडवले हे त्याला ठाऊक असते, आणि म्हणूनच सॅनिबेलच्या जुन्या रहिवाशांची धास्तीही त्याला चटकन समजेल. पुलाला विरोध करणाऱ्यांत १९६२ मध्ये निधन पावलेला डार्लिंगही होता. विरोधकांनी हा वाद न्यायालयापर्यंत नेला, पण ते हरले, आणि पथकर भरून येणाऱ्या मोटारींबरोबर जमिनीचे व्यवहारही बेटावर आले. डासांचा बंदोबस्त करण्यासाठी पाणथळीत चर खणून पाण्याची पातळी आधीच बदलण्यात आली होती, त्यामुळे निसर्गाने घातलेल्या दोन्ही मर्यादा, बोटीची आणि डासांची, काही वर्षांच्या अंतराने ढिल्या पडल्या. तिसरी मर्यादा माणसानेच घालायची होती आणि तिचा अधिकार बेटाच्या हाती नव्हता.

अधिकार होता ली काउंटीच्या हाती. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्याशी ढोबळमानाने तुलना करता येईल असा प्रशासकीय विभाग, आणि तिचा कारभार फोर्ट मायर्स या मुख्य भूमीवरील शहरातून चाले. जमिनीचे विभाग पाडून कोणत्या विभागात काय बांधता येईल आणि एकरी किती घरे बसवता येतील हे ठरवण्याच्या पद्धतीला झोनिंग म्हणतात. काउंटीच्या झोनिंगप्रमाणे सॅनिबेलवर एकंदर सुमारे ३०,००० घरे उभी राहू शकली असती. दर घरी तीन माणसे धरली तरी वस्ती नव्वद हजारांवर जाते, आणि हे अशा बेटावर की ज्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ चौरस किलोमीटर आणि त्यातही मोठा वाटा तिवरांचा आणि पाणथळीचा. काउंटीच्या अधिकाऱ्यांनी हा आकडा दुष्टाव्याने काढला होता असे मानण्याचे कारण नाही. मुख्य भूमीवरील सपाट शेतजमिनीसाठी वापरायचे कोष्टक त्यांनी बेटालाही लावले, आणि कोष्टकात वाळू, तिवर किंवा वादळ यांच्यासाठी रकानाच नव्हता. शिवाय नवी घरे म्हणजे मालमत्ताकराचे नवे उत्पन्न, हा हिशेब त्या काळच्या फ्लोरिडात कोणत्याही लोकनियुक्त मंडळाला मोह घालणारा होता, आणि बेटावरच्या मूठभर मतदारांच्या नाराजीने काउंटीची निवडणूक फिरण्यासारखी नव्हती.

याच सुमारास अमेरिकेतील हवाही बदलत होती. १९६९ मध्ये इअन मॅकहार्ग या भूदृश्यरचनाकाराने निसर्गाच्या घडणीला धरून नियोजन करण्याची पद्धत ग्रंथरूपाने मांडली होती. १९७२ मध्ये फ्लोरिडाच्या विधिमंडळाने जमीन आणि पाणी यांच्या व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील रामापो या गावाने रस्ते आणि गटारे तयार होतील त्या क्रमानेच वसाहतींना परवानगी देण्याचा नियम न्यायालयात टिकवून धरला, कॅलिफोर्नियातील पेटालुमाने वर्षाला ५०० नव्या घरांची कमाल मर्यादा घातली, आणि फ्लोरिडातीलच बोका रेटोन शहराच्या मतदारांनी आपल्या सनदेत शहरासाठी ४०,००० घरांची कायमची कमाल मर्यादा लिहून टाकली. वाढ म्हणजे भरभराट हे समीकरण पन्नासच्या दशकात कोणी तपासूनही पाहत नव्हते. सत्तरच्या दशकात ते निदान वादाचा विषय झाले.

सॅनिबेलच्या रहिवाशांपुढे पहिला प्रश्न आला तो अधिकाराचा, आणि त्याचे उत्तर त्यांनी शोधले ते ‘होम रूल’ या कल्पनेत. हा शब्द मराठी वाचकाला लोकमान्य टिळकांच्या १९१६ च्या चळवळीची आठवण करून देणारा आहे, पण अमेरिकी कायद्यात त्याला मर्यादित आणि नेमका अर्थ आहे : आपल्या हद्दीतील कारभारासाठी दरवेळी राज्याच्या विधिमंडळाकडे हात न पसरता नगरपालिकेने स्वतः नियम करण्याचा अधिकार. फ्लोरिडाच्या १९६८ च्या राज्यघटनेने आणि १९७३ च्या कायद्याने हा अधिकार नगरपालिकांना भरघोस दिला होता. त्यामुळे बेटाने स्वतःची नगरपालिका स्थापन केली की झोनिंगची सूत्रे काउंटीकडून आपोआप बेटाकडे येणार होती. काउंटीशी बोलणी करून आणि सल्लागार समित्यांतून अर्ज-विनंत्या करून पदरात काही पडत नाही असे दिसल्यावर ही मागणी जोर धरू लागली, आणि १९७४ मध्ये विधिमंडळाने मतदारांच्या संमतीच्या अटीवर नगरपालिकेला मान्यता दिली.

या चळवळीत पुढे आलेल्या लोकांत पोर्टर गॉस यांचे नाव पुढे सर्वांत गाजले. अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेतून, म्हणजे सीआयएतून, प्रकृतीच्या कारणाने बाहेर पडून ते सॅनिबेलला स्थायिक झाले होते आणि जुन्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी ‘आयलंड रिपोर्टर’ हे स्थानिक साप्ताहिक सुरू केले होते. तेच गॉस पुढे संसदेत गेले आणि २००४ मध्ये त्याच गुप्तवार्ता संस्थेचे प्रमुख झाले, त्यामुळे सॅनिबेलची गोष्ट सांगताना बरेच लेखक त्यांच्यावर नको इतके रेंगाळतात. खरे पाहता चळवळीचे बळ एका माणसात नव्हते. देशभरातील नोकऱ्यांतून निवृत्त होऊन इथे आलेले शास्त्रज्ञ, अभियंते, सरकारी अधिकारी आणि वकील बेटावर होते, त्यांच्याजवळ सवड होती, आणि कागदपत्रे वाचण्याची सवय होती. काउंटीच्या सभागृहात जाऊन आकडेवारीला आकडेवारीने उत्तर देणारे नागरिक बहुतेक गावांना लाभत नाहीत. सॅनिबेलला ते दैवयोगाने लाभले होते, आणि या योगायोगाची नोंद न घेता सॅनिबेलचा कित्ता गिरवा असे इतरांना सांगणे अन्यायाचे ठरेल.

वादाच्या दोन बाजू मात्र चळवळीच्या कथेत दिसतात तितक्या सरळ नव्हत्या. नगरपालिकेच्या आणि बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की पाणथळीत भराव घातला की बेटाचे गोडे पाणी जाईल, वरवंडी कापली की समुद्र आत येईल, सेप्टिक टँकमधून झिरपणारे सांडपाणी खाडीत उतरेल, आणि वादळाची सूचना मिळाल्यावर नव्वद हजार माणसांना एकाच अरुंद रस्त्याने बाहेर काढणे कोणालाही शक्य होणार नाही. विरुद्ध बाजूला मोठे विकासक होते हे खरे, पण केवळ तेच नव्हते. आयुष्यभराच्या शिलकीतून एखादा भूखंड घेऊन ठेवलेली आणि निवृत्तीनंतर घर बांधू म्हणणारी जोडपी होती, बांधकामावर पोट असलेले कारागीर होते, गिऱ्हाईक वाढेल या आशेवर दुकान टाकलेले लोक होते, आणि नवी नगरपालिका म्हणजे नवे कर असे मानणारे जुने रहिवासीही होते. त्यांचा सर्वांत बिनतोड मुद्दा कायद्याचा नव्हे तर न्यायाचा होता : पुलावरून काल आलेल्याने आज आलेल्याला अडवण्याचा अधिकार कोठून आणला? लोकलच्या डब्यात कसाबसा घुसलेला प्रवासी पुढच्या स्टेशनावर दारात उभा राहून आत जागा नाही म्हणून ओरडतो, त्यातलाच हा प्रकार. या आक्षेपाला बंदीवाल्यांनी त्या वेळी पुरेसे उत्तर दिले नाही. डबा खरोखरच भरला आहे की नाही हे आरडाओरड्याने ठरत नाही, मोजून ठरते. आणि मोजमाप अजून झालेच नव्हते.

५ नोव्हेंबर १९७४ रोजी मतदान झाले आणि बहुमताने नगरपालिकेच्या बाजूने कौल पडला. डिसेंबरमध्ये पाच सदस्यांची पहिली परिषद निवडून आली आणि गॉस तिचे पहिले महापौर झाले. त्यांच्याबरोबर बेटावरील जुन्या दुकानदार घराण्यातील फ्रान्सिस बेली आणि वन्यजीव आश्रयस्थानात काम करणारे, समुद्री कासवांचे अभ्यासक चार्ल्स लेबफ हेही होते, म्हणजे ही परिषद केवळ नवागत निवृत्तांची होती असे म्हणता येत नाही. परिषदेने हाती घेतलेल्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे नव्या बांधकाम परवान्यांवरील तात्पुरती बंदी.

बंदीची एवढी घाई का, हे समजून घेतले पाहिजे. नियम कडक होणार अशी कुणकुण लागली की प्रत्येक जमीनमालक जुन्या नियमांखाली परवाना पदरात पाडून घेण्यासाठी धावतो. परवाना मिळाला आणि पाया खणला गेला की त्याचा हक्क कायद्याच्या दृष्टीने प्रस्थापित होतो आणि मग नवी योजना कितीही चांगली असली तरी त्या जमिनीपुरती ती निष्फळ ठरते. योजना तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागणार असेल तर तेवढ्या काळात योजनेचा विषयच नाहीसा होऊ शकतो. म्हणून बंदी ही योजनेची जागा घेणारी गोष्ट नव्हे. योजना करण्यासाठी मागून घेतलेली ती मुदत असते. आणखी एक गोष्ट परिषदेच्या पथ्यावर पडली, जिचा उल्लेख तिच्या गौरवगाथांत क्वचितच येतो. १९७३ च्या तेलसंकटानंतर आलेल्या मंदीने १९७४-७५ मध्ये फ्लोरिडातील घरबांधणीचा बाजार कोसळला होता, अनेक ठिकाणी तयार सदनिकाच रिकाम्या पडल्या होत्या, आणि त्यामुळे बंदीचा जाच भरभराटीच्या वर्षांत झाला असता तितका या वर्षांत झाला नाही. बाजार तेजीत असता तर याच परिषदेला हीच बंदी इतके महिने टिकवता आली असती काय, ही शंका रास्त आहे.

मिळालेल्या मुदतीचा परिषदेने जो उपयोग केला तो मात्र निःसंशय असाधारण होता. फिलाडेल्फियाची वॉलेस, मॅकहार्ग, रॉबर्ट्स अँड टॉड ही नियोजनसंस्था, म्हणजे मॅकहार्ग यांचीच संस्था, योजना तयार करण्यासाठी नेमली गेली. वॉशिंग्टनच्या कन्झर्व्हेशन फाउंडेशनने जॉन क्लार्क यांच्या नेतृत्वाखाली बेटाच्या नैसर्गिक व्यवस्थांचा अभ्यास केला, जो १९७६ मध्ये ‘द सॅनिबेल रिपोर्ट’ या नावाने प्रसिद्ध झाला. कायद्याची बाजू फ्रेड बॉसलमन यांनी सांभाळली. जमीनवापराच्या नियमनावर देशात गाजलेल्या अभ्यासाचे ते सहलेखक होते, आणि कोणता नियम न्यायालयात टिकेल व कोणता उडेल याची त्यांना चांगली जाण होती. शास्त्रज्ञ, नियोजक आणि वकील यांना एकाच वेळी एका मेजाभोवती बसवण्यात या योजनेचे मर्म होते, कारण शास्त्रज्ञाने सांगितलेल्या कारणाशिवाय वकिलाला युक्तिवाद करता येत नाही आणि वकिलाच्या चौकटीबाहेरचे शास्त्र कितीही खरे असले तरी परवान्याच्या अर्जावर त्याचा उपयोग नसतो.

अभ्यासकांनी प्रथम बेटाचा नकाशा मालकीच्या रेषा बाजूला ठेवून पुन्हा काढला. आखाताकडची पुळण, तिच्यामागची वरवंडी, बेटाच्या मध्यातील उंचवटा, सखल पाणथळ, तिच्याहून किंचित उंच पाणथळ, तिवरांचा पट्टा, खाडीकडची पुळण आणि भराव घालून तयार केलेली जमीन असे विभाग त्यांनी पाडले आणि प्रत्येक विभाग बेटासाठी कोणते काम करतो हे नोंदले : पुळण आणि वरवंडी लाटेचा जोर मोडतात, पाणथळ पाऊस साठवते आणि गाळते, तिवर माशांच्या पिल्लांना थारा देतात आणि किनारा धरून ठेवतात. मग प्रत्येक विभागाच्या बाबतीत, त्याचे काम न बिघडता तिथे किती आणि कशा प्रकारची घरे बसतील, असा प्रश्न विचारला गेला. एखाद्या भूभागाला स्वतःची घडण न मोडता किती भार सोसवतो, या मापाला धारणक्षमता म्हणतात. हा शब्द मुळात चराऊ कुरणे आणि वन्यप्राणी यांच्या अभ्यासातला. माणसांच्या वस्तीला तो काटेकोरपणे लावून दाखवणाऱ्या पहिल्या काही गावांत सॅनिबेलची गणना होते.

परंतु नुसत्या पाणथळी मोजून घरांचा आकडा निघत नाही. कोणी म्हणेल, पाणी बाहेरून नळाने आणू. कोणी म्हणेल, सांडपाणी प्रक्रिया करून सोडू. पैसा असेल तर यांपैकी बरेच जमते. ज्या मर्यादेपुढे पैशाचे फारसे चालत नाही ती वादळाची. चक्रीवादळ कोठे धडकणार हे निश्चित सांगता येऊ लागते तेव्हा हातात थोडेच तास उरलेले असतात, आणि त्यातूनही वादळ पोहोचण्यापूर्वीच वाढत्या पाण्याने सखल रस्ते बुडू लागतात, म्हणून खरोखर उपयोगी पडणारे तास त्याहूनही कमी. त्या तासांत एका मार्गिकेतून किती मोटारी बेटाबाहेर पडू शकतील, हा हिशेब योजनेच्या युक्तिवादात महत्त्वाचा ठरला. ज्या कॉजवेने गर्दी आणली त्याच कॉजवेची वहनक्षमता गर्दीच्या मर्यादेचा आधार झाली. पुलाच्या विरोधकांनी दहा-बारा वर्षांपूर्वी भावनेने जे मांडले होते ते पुलाच्या हिशेबाने मांडल्यावर टिकाऊ झाले, आणि डबा भरला आहे की नाही या प्रश्नालाही मोजून दिलेले उत्तर मिळाले.

या सगळ्यातून निघालेल्या सर्वंकष योजनेने बेटावरील घरांची एकूण मर्यादा काउंटीच्या ३०,००० वरून सुमारे ७,८०० वर आणली. आकडा ऐकायला साधा वाटतो, परंतु जिथे काल दहा सदनिकांची परवानगी होती तिथे आज एकच घर किंवा तेही नाही, असा त्याचा अर्थ अनेक मालकांसाठी होता, आणि योजनेच्या मसुद्यावरील जाहीर सुनावण्या साहजिकच तापल्या. फ्लोरिडाने १९७५ मध्ये प्रत्येक स्थानिक संस्थेला सर्वंकष योजना करणे बंधनकारक केले होते, त्यामुळे योजना हवी की नको असा वाद उरला नव्हता. वाद होता तो कोणाच्या जमिनीवर कोणती रेषा पडते याचा. जुलै १९७६ मध्ये योजना मंजूर झाली. इमारतींच्या उंचीवर तिने कडक मर्यादा घातली, वरवंडीपासून समुद्राच्या बाजूला बांधकाम रोखले, भरावावर निर्बंध आणले आणि देशी झाडोरा राखण्याचे बंधन घातले. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू धरून ठेवण्यासाठी जे सुरूचे झाड कौतुकाने लावले जाते, ते सॅनिबेलवर बाहेरून आलेले, उथळ मुळांचे आणि वादळात रस्त्यावर आडवे पडणारे म्हणून उपद्रवी झाडांच्या यादीत गेले.

बंदीचा आणि योजनेचा खरा कस न्यायालयात लागणार होता. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीनुसार खाजगी मालमत्ता सार्वजनिक कामासाठी घ्यायची तर न्याय्य मोबदला द्यावा लागतो, आणि १९२२ मधील पेनसिल्व्हेनियाच्या एका कोळसा खाणीसंबंधीच्या निकालापासून सर्वोच्च न्यायालयाने असे धरले होते की नियमन फार पुढे गेले तर तेही मालमत्ता घेतल्यासारखेच मानले जाईल. किती पुढे म्हणजे फार पुढे, हे त्या निकालाने सांगितले नव्हते आणि नंतरचे निकालही ते प्रकरणागणिक ठरवत आले. मोबदल्याच्या नव्हे, तर नियमाला तर्कसंगत आधार आहे काय, या कसोटीवर बोका रेटोनची ४०,००० घरांची मर्यादा कोसळली : १९७९ मध्ये अपील न्यायालयाने ती रद्दबातल ठरवण्याचा निर्णय कायम ठेवला, कारण मतदारांनी आकडा आधी ठरवला होता आणि त्याला आधार देणारा अभ्यास शोधण्याची धडपड नंतर झाली होती. सॅनिबेलने क्रम उलटा ठेवला होता. आधी थांबवले, मग मोजले, मग आकडा लिहिला. दोन्ही गावे एकाच राज्यातली, हेतूही बहुतांशी सारखेच. न्यायालयाच्या दृष्टीने फरक पडला तो या क्रमाने.

सॅनिबेलला न्यायालयात नेहमीच यश आले असे मात्र नाही. योजनेविरुद्ध अनेक दावे झाले, आणि १९८१ मध्ये त्याच नगरपालिकेच्या एका बांधकामबंदीसंबंधी फ्लोरिडाच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की जमिनीच्या वापरावर मोठा परिणाम करणारी बंदी तात्पुरती असली तरी झोनिंगचा नियम करताना द्यावी लागते तशी रीतसर सूचना तिच्यासाठीही दिली पाहिजे. हा निर्णय नगरपालिकेच्या विरुद्ध गेला, तरी तत्त्व म्हणून तो योग्यच मानला पाहिजे. घाई हे बंदीचे समर्थन असू शकते, पण ज्याचा हक्क थांबवायचा त्याला न सांगता थांबवण्याचे समर्थन घाईतून निघत नाही. तात्पुरत्या बंदीसाठी मोबदला द्यावा लागतो काय, या मोठ्या प्रश्नाचा निकाल लागायला आणखी बराच काळ गेला. १९८७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीतील पूरक्षेत्राविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरते हिरावणेही भरपाईस पात्र ठरू शकते असे सांगितले, आणि त्यामुळे देशभरातील नियोजक काही वर्षे धास्तावलेले होते. २००२ मध्ये टाहो सरोवराभोवतालच्या ३२ महिन्यांच्या बंदीविषयी त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की नियोजनासाठी घातलेली तात्पुरती बंदी म्हणजे केवळ त्या कारणाने मालमत्ता हिरावणे होत नाही. बंदीचा हेतू, कालावधी आणि परिणाम हे सारे पाहूनच निर्णय करावा लागेल. सॅनिबेलच्या परिषदेने १९७४ मध्ये जे पाऊल टाकले ते या न्यायालयीन आधाराशिवाय टाकले होते.

पन्नास वर्षांनंतर जमाखर्च मांडायचा तर जमेची बाजू डोळ्यांना दिसते : शेजारच्या किनाऱ्यांवर सदनिकांच्या भिंती उभ्या असताना सॅनिबेलवर झाडांच्या शेंड्यांवर डोके काढणाऱ्या इमारती तुरळकच आहेत, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली कायम वस्ती ६,३८२ होती. खर्चाची बाजू घरांच्या किमतीत दडलेली आहे. घरांची संख्या बांधली गेली आणि मागणी वाढत राहिली, तेव्हा बेट श्रीमंतांचे झाले. हॉटेलांत, दुकानांत आणि बागांत राबणारे बहुतेक लोक रोज सकाळी कॉजवेवरून येतात आणि संध्याकाळी परत जातात. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी बेटावर भाड्याची घरे चालवण्याचा प्रयत्न झाला आहे, पण तो गरजेच्या मानाने लहान आहे. धारणक्षमतेच्या मापाने घरे किती हे सांगितले. ती कोणाला मिळावीत हे सांगण्याचे काम त्या मापाचे नव्हते आणि ते दुसऱ्या कोणत्या मापानेही केले नाही. लोकलच्या दाराचा आक्षेप निम्मा सुटला आणि निम्मा तसाच राहिला.

२८ सप्टेंबर २०२२ रोजी इअन हे चौथ्या श्रेणीचे चक्रीवादळ सॅनिबेलच्या उत्तरेला काही मैलांवर, कायो कोस्टा बेटावर, ताशी सुमारे २४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांसह धडकले. समुद्राचे पाणी बेटावरून पसरले, शेकडो घरे आणि दुकाने उद्ध्वस्त झाली, आणि २००७ मध्ये नव्याने बांधलेल्या पुलांचे भराव वाहून गेल्याने कॉजवे जागोजागी तुटला. वादळापूर्वी बेट सोडण्याचा आदेश निघाला होता. तो मानून बहुतेक रहिवासी त्याच कॉजवेवरून मुख्य भूमीवर निघून गेले होते. तुटलेला रस्ता तात्पुरत्या डागडुजीनंतर १९ ऑक्टोबर २०२२ रोजी नागरिकांसाठी पुन्हा खुला झाला.